वॉर्साचें जुनें शहर

पोलंड हें नांव महाराष्ट्रास अगदींच परकें नाहीं. १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणींत सुमारें ५,००० पोलिश निर्वासितांनीं आश्रय घेतला होता. ज्या महायुद्धानें हे लोक देशोधडीस लागले, त्याच महायुद्धांत त्यांच्या देशाची राजधानी वॉर्सा जवळजवळ नाहींशी झाली. या नगरीच्या जुन्या भागांतून आज आपणांस एक फेरी मारावयाची आहे. आणि फेरी मारतांना एका प्रश्नाचा विचारहि करावयाचा आहे. जें एकदां समूळ नष्ट झालें, तें पुन्हां पूर्वीप्रमाणें बांधलें, तर त्यास जुनें म्हणावें काय?

जुन्या शहराच्या तोंडाशींच राजवाड्याचा चौक लागतो. तेथें सुमारें २२ मीटर उंचीचा एक स्तंभ आहे. राजा तिसरा सिगिस्मुंड याच्या कारकीर्दींत पोलंडची राजधानी क्राकोहून वॉर्सास आली. त्याचा पुत्र चौथा व्लादिस्लाव यानें १६४४ सालीं पित्याच्या स्मरणार्थ हा स्तंभ उभारला. १९४४ च्या सप्टेंबरांत जर्मनांनीं तो पाडला. वरची ब्रांझची राजमूर्ति मात्र वांचली. १९४९ सालीं नव्या खांबावर तीच मूर्ति पुन्हां चढविण्यांत आली. जुन्या खांबाचे तुकडे राजवाड्यालगत अद्यापि आडवे ठेवलेले आहेत. मूर्ति जुनी, खांब नवा, आणि भग्न खांब शेजारींच!

राजवाड्याची थोरवी केवळ राजांमुळें नाहीं. ३ मे १७९१ रोजीं याच वास्तूंत पोलिश प्रतिनिधिसभेनें आपली लिखित राज्यघटना मंजूर केली. ती अंमलांत फार दिवस टिकली नाहीं. १७९५ सालीं रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं उरलासुरला पोलंड वांटून घेतला, आणि १९१८ पर्यंत पोलंड हें स्वतंत्र राज्य नकाशावर नव्हतें. ज्या लोकांस सव्वाशें वर्षें स्वतःचें राज्य नव्हतें, त्यांच्या लेखीं अशी एखादी वास्तु म्हणजे दगडविटांचा ढीग नसतो. आपण एक राष्ट्र आहों, याचा तो दाखला असतो.

हें शत्रूसहि ठाऊक होतें. १७ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मन भडिमारांत राजवाडा पेटला, व मनोऱ्यावरील घड्याळ सव्वाअकरा वाजतां बंद पडलें. पुढें १ ऑगस्ट १९४४ रोजीं शहरानें उठाव केला. तो ६३ दिवस चालला. सप्टेंबरच्या आरंभीं जुनें शहर पडलें, तेव्हां हजारों लढवय्ये जमिनीखालच्या गटारांतून निसटले. उठाव मोडल्यावर जर्मनांनीं नागरिकांस हांकलून दिलें आणि ओस पडलेलीं घरें पद्धतशीर जाळलीं, सुरुंग लावून उडविलीं. ऐतिहासिक मध्यभागापैकीं शेंकडा ८५ हून अधिक भाग धुळीस मिळाला.

मग हें शहर पुन्हां कशाच्या आधारें बांधलें? कागदांच्या आधारें. वॉर्साच्या तंत्रविद्यालयांतील स्थापत्याच्या अध्यापकांनीं व विद्यार्थ्यांनीं जुन्या इमारतींचीं मोजमापें घेऊन नकाशे काढले होते. परकी अंमलांतहि तें काम गुप्तपणें चालू राहिलें. त्यांतील बरेंच साहित्य पिओत्रकुव गांवच्या एका मठांत लपविल्यामुळें वांचलें. दुसरा आधार चित्रांचा. व्हेनिसचा चित्रकार बेर्नार्दो बेलोत्तो हा १७६८ पासून १७८० त मरण येईपर्यंत पोलंडच्या राजाच्या पदरीं होता. त्यानें वॉर्साचीं जीं बारीक तपशिलाचीं दृश्यें रंगविलीं, तीं दीडशें-पावणेदोनशें वर्षांनीं राजवाड्याभोवतालचे रस्ते बांधतांना गवंड्यांच्या उपयोगीं पडलीं. यान झाखवातोविच या स्थापत्यविशारदानें या पुनर्रचनेचें धुरीणत्व केलें. १९५३ च्या जुलैंत जुन्या बाजाराचा चौक पुन्हां खुला झाला. राजवाडा मात्र बरींच वर्षें मोकळी जागा होऊन राहिला. १९७१ सालीं त्याच्या पुनर्बांधणीचा निर्णय झाला आणि त्यासाठीं लोकांनीं वर्गणी दिली. १९ जुलै १९७४ रोजीं मनोऱ्यावरील घड्याळ चालू करण्यांत आलें, तें बरोबर सव्वाअकरा वाजतां.

येथवर ऐकून ही नक्कल हुबेहूब असेल असा समज होईल. पण तसें नाहीं. बांधणाऱ्यांनीं निवड केली. सेंट जॉनच्या प्रार्थनामंदिराचा युद्धापूर्वींचा दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकांतला होता. तो टाकून त्यांनीं त्यास अधिक जुन्या धाटणीचें विटांचें रूप दिलें. बाजाराच्या चौकांतील घरांचे दर्शनी भाग जुने दिसतात. परंतु मागील दाटीचीं बांधकामें वगळून आंगणें मोकळीं केलीं आणि आंत नव्या सोयींचीं बिऱ्हाडें वसविलीं. १५४८ सालच्या बुरुजवजा वेशीसाठीं विटा आणल्या, त्या व्रोत्स्वाफ व निसा येथील पडलेल्या वास्तूंच्या. हीं दोन्ही शहरें युद्धापूर्वीं जर्मनीचीं होतीं.

आणि कांहीं गोष्टी बांधल्याच नाहींत. युद्धापूर्वीं वॉर्सांतील दर तीन माणसांत जवळजवळ एक ज्यू होता. १९४० सालीं जर्मनांनीं त्यांस एका कोंडवाड्यांत भिंतीआड डांबलें. १९ एप्रिल १९४३ रोजीं तेथील लोकांनीं शस्त्र उचललें. तो उठाव चिरडल्यावर १६ मे रोजीं त्यांचें मोठें प्रार्थनामंदिर उडवून देण्यांत आलें. त्या जागीं आज एक उंच आधुनिक इमारत आहे. मुरानुव ही जुनी ज्यू वस्ती पुन्हां वसली, पण जुन्या रूपानें नव्हे. ढिगाऱ्यावर, आणि ढिगाऱ्याच्याच चुऱ्यापासून केलेल्या विटांनीं नवीं घरें उठलीं. ज्यांनीं आपल्या गल्लीची आठवण धरून ती पुन्हां मागावी, ते लोकच उरले नव्हते.

१९८० सालीं युनेस्कोनें वॉर्साच्या जुन्या शहरास जागतिक वारशाच्या यादींत घेतलें, तें त्याच्या प्राचीनतेसाठीं नव्हे, तर या पुनर्रचनेसाठीं. हा न्याय मला योग्य वाटतो. येथील भिंती सतराव्या किंवा अठराव्या शतकाच्या साक्षीदार नाहींत. आपलें काय गेलें हें न विसरणाऱ्या विसाव्या शतकांतील माणसांच्या त्या साक्षीदार आहेत. त्या अर्थानें हें शहर खोटें नाहीं. परंतु स्मरण करणारा नेहमींच निवड करतो. म्हणून वॉर्सास जाणाऱ्यानें बाजाराच्या चौकांतील रंगीत घरें पाहून परतूं नये. तेथून थोडें पश्चिमेस मुरानुवपर्यंत चालत जावें. जें पुन्हां उभें राहिलें त्याची किंमत, जें उभें राहूं शकलें नाहीं तें पाहिल्यावांचून कळत नाहीं.