सात गोलांची सवलत

तारीख १७ ऑगस्ट १९९६, वार शनिवार. तुम्ही उतरलात इंग्लंडच्या ईशान्येला, टीज नदीच्या काठी, मिडल्सब्रो या गावात. समोर तो निळा लोखंडी सांगाडा दिसतोय ना, तो ट्रान्सपोर्टर पूल, १९११ सालचा. त्याच्यावर रस्ता नाही. वरून लटकवलेल्या पाळण्यात गाड्या आणि माणसं चढतात आणि पाळणाच पलीकडच्या काठाला जातो. पुलापासून जवळच, जुन्या गोदीच्या पडीक जागेत, गेल्या वर्षीच उभं राहिलेलं रिव्हरसाइड स्टेडियम. लाल शर्टांच्या लोंढ्याबरोबर आत चला. मोबाइल खिशातच राहू द्या, इथे त्याला रेंज मिळायची नाही. अट एकच: सगळं बघायचं, बोलायचं काही नाही. पुढे काय होणार ते तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही सांगितलंत तरी आज या गर्दीत कोणीही विश्वास ठेवणार नाही.

कारण आज मैदानावर फाब्रित्सिओ राव्हानेल्ली आहे. पांढऱ्या केसांचा हा इटालियन मे महिन्यात रोममध्ये युव्हेंटसकडून चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात गोल करतो काय, आणि ऑगस्टमध्ये रासायनिक कारखान्यांच्या या गावात येतो काय! सत्तर लाख पौंड मोजलेत. पोर्तोहून एमर्सन आलाय. आणि जुनिन्यो तर गेल्या हंगामापासून इथलाच झालाय: साडेपाच फूटसुद्धा उंची नसलेला ब्राझीलचा पोरगा, अंगावरचा शर्ट दोन मापं मोठा वाटावा असा. समोर लिव्हरपूल. ते तीनदा पुढे जातात, तीनदा राव्हानेल्ली बरोबरी करतो. पदार्पणातच हॅट्ट्रिक, ३-३. गोल झाला की तो शर्टाचा पुढचा भाग डोक्यावरून ओढून घेतो आणि आंधळ्यासारखा धावत सुटतो. उद्यापासून गावातली सगळी पोरं हेच करणार.

शेजारच्या खुर्चीतला म्हातारा डोळे पुसतोय. त्याला हसू नका. दहाच वर्षांपूर्वी, १९८६ मध्ये, हा क्लब दिवाळ्यात निघाला होता. जुन्या एअरसम पार्कच्या फाटकांना कुलपं लागली होती आणि हंगामाचा पहिला सामना शेजारच्या हार्टलपूलचं मैदान मागून खेळावा लागला होता. तेव्हा क्लब वाचवणाऱ्यांपैकी एक तरुण स्थानिक व्यावसायिक, स्टीव्ह गिब्सन, आज अध्यक्ष आहे. मॅनेजर आहे इंग्लंडचा माजी कर्णधार ब्रायन रॉब्सन. कुलूप पाहिलेल्या माणसाला हॅट्ट्रिक पाहून रडू येणारच.

आता थेट डिसेंबरात चला. मधल्या महिन्यांत बघण्यासारखं फार नाही: सप्टेंबरच्या मध्यापासून नाताळापर्यंत लीगमध्ये एकही विजय नाही. पुढची फळी राजेशाही, मागची भिंत पोकळ. पुढे लोक म्हणतील, कप स्पर्धांनी घात केला, नशिबाने घात केला. मला विचाराल तर पहिला दोष या बचावफळीचाच. अडतीस सामन्यांत साठ गोल खाल्ले.

२० डिसेंबर, शुक्रवार. उद्या ब्लॅकबर्नला जाऊन खेळायचंय. पण फ्लूची साथ आणि दुखापती मिळून तेवीस खेळाडू बाहेर आहेत. क्लब कळवून टाकतो की आम्ही येत नाही, सामना पुढे ढकला. तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही हेच शहाणपणाचं वाटलं असतं. आजारी माणसं खेळवायची कशी? आणि उरलेली पोरंसोरं प्रीमियर लीगच्या मैदानात उतरवून हसं कशाला करून घ्यायचं? क्लबचं तर म्हणणं होतं की आम्ही आधी विचारून घेतलं होतं. पण लीगला ते पटलं नाही. जानेवारीत निकाल आला: तीन गुण वजा, वर पन्नास हजार पौंड दंड. अपील झालं, तेही फेटाळलं गेलं.

तुमच्याजवळ मेमधला गुणतक्ता आहे. इथेच जरा टेका आणि हिशेब मांडा. मिडल्सब्रोने मैदानावर मिळवले ४२ गुण, हातात राहिले ३९. गोलफरक उणे ९. त्यांच्या वर, अगदी काठावर बसून खालच्या पातळीवर घसरण्यापासून वाचलेलं कॉव्हेंट्री: ४१ गुण, गोलफरक उणे १६. ब्लॅकबर्नचा तो सामना शेवटी ८ मे रोजी झालाच आणि ०-० सुटला, म्हणजे त्यातून एकच गुण मिळाला. आता समजा, डिसेंबरात रॉब्सनने कोवळी पोरं बसमध्ये भरून पाठवली असती आणि ती सात गोलांनी मार खाऊन परतली असती. बाकी सगळे निकाल तेच राहिले असते, तर गुण झाले असते ४१, गोलफरक उणे १६. कॉव्हेंट्रीशी तंतोतंत बरोबरी. मग नियम सांगतो, जास्त गोल कोणी केले ते बघा. मिडल्सब्रोचे ५१, कॉव्हेंट्रीचे ३८. मिडल्सब्रो वाचलं असतं. ७-० ने हरूनसुद्धा!

हे त्या शुक्रवारी कोणालाच दिसणं शक्य नव्हतं. तुम्हाला दिसतंय, आणि तुम्ही गप्प बसायचंय.

गंमत अशी की लीगमध्ये धडपडणारा हाच संघ कपमध्ये मात्र कुणाला ऐकेना. ८ जानेवारीला लीग कपमध्ये त्यांनी लिव्हरपूलला २-१ ने घरी पाठवलं. त्याआधी न्यूकॅसलला गारद केलं होतंच. एफए कपमध्ये चेस्टरला सहा गोल, मग मँचेस्टर सिटी, मग डर्बी. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशातली गत! लीग वाचवायला पाय पुरेनात, त्यात प्रत्येक कपची पुढची फेरी.

६ एप्रिल, वेम्बली. लीग कपचा अंतिम सामना, समोर लेस्टर. क्लबच्या एकशे एकवीस वर्षांतली ही पहिली मोठी फायनल. लेस्टरने जुनिन्योच्या मागे कोमार्क नावाचा स्वीडिश माणूस सावलीसारखा लावलाय. जादा वेळेत राव्हानेल्ली गोल करतो. लाल बाजू वेडी झालीय. तुम्ही मात्र घड्याळ बघताय. संपायला तीनेक मिनिटं असताना गोलसमोर झटापट होते आणि हेस्की चेंडू आत ढकलतो. १-१. पुन्हा खेळा.

पण खरी बघायची आहे ती पुढच्या रविवारची, १३ एप्रिलची, एफए कपची उपांत्य फेरी. मैदान ओल्ड ट्रॅफर्ड, समोर तिसऱ्या पातळीवरचं चेस्टरफील्ड. लोक सहलीला निघाल्यासारखे आलेत. पहिल्या अर्ध्यातच मिडल्सब्रोच्या किंडरला बाहेर काढलं जातं. दहा जण उरतात. चेस्टरफील्ड एक गोल करतं, मग पेनल्टीवर दुसरा. पेनल्टी मारणारा दणकट बचावपटू नीट बघून ठेवा: शॉन डायश, पुढे बर्नलीचा मॅनेजर म्हणून सगळ्यांना ठाऊक होईल. राव्हानेल्ली एक गोल परत करतो. आणि मग तो क्षण येतो. चेस्टरफील्डच्या जॉन हॉवर्डचा फटका आडव्या दांड्याच्या खालच्या बाजूला लागून खाली आपटतो. कुठे? रेषेच्या आत. तुम्ही जिथे बसलाय तिथूनही शंका येत नाही. पण पंच डेव्हिड एलरे आधीच शिट्टी वाजवून बसलेत, भलत्याच फाउलसाठी. एरवी हॅरोच्या शाळेत शिकवणारे मास्तर. चेंडू गोलरेषेपार गेला की पंचांच्या मनगटावर खूण उमटण्याचा जमाना यायला अजून बरीच वर्षं आहेत. ३-१ व्हायचं ते पेनल्टीवर २-२ होतं. जादा वेळेत फेस्टा मिडल्सब्रोला पुढे नेतो. झालं, संपलं, असं वाटत असताना एकशे एकोणिसाव्या मिनिटाला ह्युइट नावाचा चेस्टरफील्डचा पोरगा डोक्याने चेंडू उंच उडवतो आणि तो हळूहळू जाळ्यात उतरतो. ३-३.

न्याय म्हणून पाहिलं तर त्या दुपारी फायनलचं तिकीट चेस्टरफील्डचं होतं. मिडल्सब्रोच्या दुःखाची गोष्ट सांगताना हे कोणी सांगत नाही.

आता धाप लागेल, पण सोबत राहा. १६ एप्रिल, शेफील्डचं हिल्सबरो, लेस्टरशी पुन्हा सामना: जादा वेळेत क्लॅरिजचा गोल, एक कप गेला. १९ एप्रिल, रिव्हरसाइड: आपल्याबरोबरच गाळात रुतलेलं शेजारी संडरलँड येऊन १-० ने जिंकून जातं. २२ एप्रिल, परत हिल्सबरो: चेस्टरफील्डला ३-० ने हरवून एफए कपच्या फायनलमध्ये. दोनच दिवसांनी लंडनमध्ये टॉटनमकडून पराभव. मग मे महिना: ३ तारखेला अ‍ॅस्टन व्हिला, ५ ला मँचेस्टर युनायटेड, ८ ला तो ब्लॅकबर्नचा तुंबलेला सामना, ११ ला लीड्स. नऊ दिवसांत चार. युनायटेडच्या मैदानात तर ३-३. पाय उचलत नाहीत, तरी पोरं पळताहेत.

११ मे, लीड्स, एलंड रोड. शेवटचा दिवस. आसपास बऱ्याच जणांच्या कानाला ट्रान्झिस्टर आहे. कॉव्हेंट्रीचा सामना लंडनला आहे आणि तो रस्त्यावरच्या खोळंब्यामुळे पाव तास उशिरा सुरू झालाय, म्हणजे बाकीच्यांचे निकाल कळल्यावरही त्यांच्या हातात वेळ राहणार. मिडल्सब्रोला इथे जिंकायचंय. लीड्स गोल करतं. दोनच मिनिटांत जुनिन्यो बरोबरी करतो, चेंडू उचलून मध्यावर पळत नेतो. अजून एक हवाय. तो होत नाही. शिट्टी वाजते आणि हा छोटा माणूस गवतावर बसून ढसाढसा रडतो. लीड्सचे प्रेक्षक टाळ्या वाजवतात. कॉव्हेंट्रीनेही टॉटनमला हरवलंय. हा सामना मिडल्सब्रोने जिंकला असता तर त्यांचेही ४१ झाले असते आणि गोलफरकावर ते वाचले असते. तीन गुणांच्या दंडानंतरसुद्धा!

वेम्बलीची फायनल, १७ मे, मी तुम्हाला दाखवायची म्हणून दाखवतो. खुर्चीत नीट बसेपर्यंत चेल्सीच्या दि मात्तेओने लांबून गोल केलेला असतो, खेळ सुरू होऊन पुरतं मिनिटही झालेलं नाही. राव्हानेल्ली दुखापतीने लवकरच बाहेर. फेस्टाचा हेडर ऑफसाइड. शेवटी चेल्सीचा दुसरा गोल, न्यूटनचा. तेल गेलं, तूप गेलं. राव्हानेल्लीचे हंगामात सगळ्या स्पर्धा मिळून एकतीस गोल, आणि क्लब दुसऱ्या पातळीवर. उन्हाळ्यात जुनिन्यो अ‍ॅटलेटिको माद्रिदला गेला. वर्षभरात मिडल्सब्रो वर परतलं, आणि त्या वर्षीही लीग कपच्या फायनलमध्ये पोचून परत चेल्सीकडूनच २-० ने हरलं.

एवढा जीव जाळल्यावर तुम्हाला रिकाम्या हाताने परतायचं नसेल, तर वाटेत २९ फेब्रुवारी २००४ ला कार्डिफमध्ये थांबा. लीग कपची फायनल, समोर बोल्टन. क्लबचं पहिलं मोठं जेतेपद, स्थापनेनंतर एकशे अठ्ठावीस वर्षांनी. जुनिन्यो परत आलाय, संघात आहे. फक्त बाहेर पाय मोकळे करत बसू नका, मिडल्सब्रोचे दोन्ही गोल पहिल्या सात मिनिटांत होतात.