धनुर्धराने धनुष्याचे किती जाणावे?

क्रेसीच्या लढाईत इंग्लंडच्या लांब धनुष्याने फ्रान्सच्या घोडदळाची दाणादाण उडवली, ती 1346 साली. त्यानंतर पाव शतकात, 1371 मध्ये, लंडनच्या बाण करणाऱ्यांनी महापौरांकडे अर्ज केला, की धनुष्य घडवणे आणि बाण करणे हे धंदे वेगळे मानावेत. अर्ज मान्य झाला. धनुष्याला लागणारे यू झाडाचे चांगले लाकूड तर बरेचसे बाहेरूनच येई. म्हणून 1472 च्या कायद्याने व्यापाऱ्यांना दर टन मालामागे धनुष्याची 4 दांडकी आणण्याची सक्ती केली. घडवण्याची विद्या कारागिरांतच अशी विभागलेली आणि झाड परमुलखातले, तेव्हा धनुर्धराने धनुष्य करायला शिकावे ही अपेक्षाच गैरलागू होती. पण म्हणून त्याला काहीच कळायची गरज नव्हती, असे मात्र नाही. कारागिराला धनुष्य कसे होते हे ठाऊक लागे, धनुर्धराला ते कसे बिघडते हे.

याचा उत्तम पुरावा म्हणजे रॉजर ॲस्कमचा 1545 चा ‘टॉक्सोफिलस’ हा ग्रंथ. ॲस्कम केंब्रिजमध्ये ग्रीक शिकवणारा पंडित, कारागीर नव्हे. दुकानात धनुष्य कसे पारखावे हे तो सांगतो: ते सरळ हवे, पीळ नको, गाठ नको, चीर नको. मेण लावलेल्या लोकरी कापडाने ते घासत राहावे आणि दोरीच्या बाबतीत हयगय करू नये, हेही तो बजावतो. या सूचनांमागे शास्त्र आहे. यूच्या धनुष्यात सालीलगतचे फिकट लाकूड ताण सोसते आणि गाभ्याकडचे गडद लाकूड दाब. दाब असह्य झाला की धनुर्धराकडच्या बाजूवर आडव्या बारीक रेघा उमटतात; तिथेच पुढे धनुष्य मोडते. बाण सुटल्यावर धनुष्याच्या दोन्ही बाहूंना आवरते ती दोरीच. ती तुटली तर बाहू बेफाम पुढे झेपावतात आणि बऱ्याचदा धनुष्यच फुटते.

यावर कोणी म्हणेल, की ही चैन हौशी माणसाची. शिपायाला सरकारी धनुष्य मिळे, त्याची काळजी कोठारवाला घेई. हा आक्षेप पोकळ नाही. ‘टॉक्सोफिलस’ निघाला त्याच वर्षी बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेवर 137 अखंड धनुष्ये सापडली, ती राजाच्याच साठ्यातली. आपल्याकडे कौटिल्यानेही शस्त्रे वरचेवर हलवणे, त्यांना ऊन-वारा देणे, दमटपणा आणि किडीपासून ती जपणे हे काम आयुधागाराच्या अध्यक्षावर सोपवले आहे. पण कोठाराची जबाबदारी दारापाशी संपते. ‘मेरी रोझ’वरची धनुष्ये ओढायला सुमारे 100 ते 185 पौंडांचा जोर लागत असावा असा अंदाज आहे. एवढ्या ताणाखालचे लाकूड पावसात भिजते, दोरी झिजते, रेघ उमटते, तेव्हा अध्यक्ष जवळ नसतो. पाहणारे डोळे एकट्या धनुर्धराचेच असतात. सरावाने नेम बसतो हे खरे, पण सरावलेला हात चीर गेलेले धनुष्यही तितक्याच सहज ओढतो. म्हणून घडवण्याची विद्या कारागिराकडेच राहू द्यावी. पण धनुष्यावरची रेघ ज्याला ओळखता येत नाही, तो कितीही नेमबाज असला तरी अर्धाच धनुर्धर.