पांढरी साडी पांघरून पेडगावला

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण आमच्या गावाची नव्हे. ते पेडगाव श्रीगोंद्याकडचे, आमचे परभणीजवळचे. तरीही नोकरीभर प्रत्येक नव्या शाळेत हा विनोद मला ऐकवला गेला आणि मी हसत आलो. परवा मात्र ती म्हण निराळ्याच कारणाने आठवली.

नातीचे नर्सिंगचे शिक्षण संपले आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे नोंदणीपत्र घरी आले. ती म्हणाली, “आबा, आता मी खरी नर्स.” मी म्हटले, “अगं, परीक्षा तर कधीच पास झालीस.” “झाले, पण नोंदवहीत नाव कुठं होतं?”

मला १९७४ सालची रात्र आठवली. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. गावच्या सुईणीने पोट चाचपले आणि म्हणाली, “बाळ आडवं हाय. मह्या हातचं काम नाही. परभणीला न्या.” पण ओळखीत एक बाई होत्या. पांढरी साडी नेसत, इंजेक्शन देत. सगळे त्यांना ‘नर्सबाई’ म्हणत. वडीलधाऱ्यांनी त्यांना बोलावले. त्यांनी सुई टोचली, म्हणाल्या, “सकाळपर्यंत होईल.” सकाळी बैलगाडीतून ताईला परभणीला नेले. ताई वाचली, बाळ गेले. त्या बाई पूर्वी एका दवाखान्यात आया होत्या, हे नंतर कळले.

आता वाटते, ती पदवी त्यांना आम्हीच दिली होती. कागद कुणी विचारलाच नाही.

नाव आणि नोंदवही यांची ही भानगड जुनी आहे. इंग्लंडात नर्सेसची नोंदणी असावी की नसावी यावर तीसेक वर्षे वाद चालला. आश्चर्य म्हणजे खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल विरोधात होत्या. परीक्षा आणि यादी यांनी नर्सचा स्वभाव मोजता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. शेवटी १९१९ साली तिथे कायदा झाला. न्यूझीलंडने तो १९०१ सालीच केला होता.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात नर्स, सुइणी आणि आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला. पण आम्ही तेव्हा निजामाच्या राज्यात! मुंबईचा कायदा परभणीला लागू असण्याचा प्रश्नच नव्हता. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि पुढे १९६६ साली महाराष्ट्राचा परिचारिका कायदा झाला. म्हणजे ताईच्या त्या रात्री कायदा होता. नोंदवहीत नाव नसताना आपण नोंदणीकृत आहोत असे भासवणे हा गुन्हा होता. फक्त आमच्या वाड्यात तो कुणाला ठाऊक नव्हता.

संसदेने २०२३ साली परिचर्या आणि प्रसूतिविद्या यांसाठी राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. त्यात नोंदणीवाचून हा व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ब्रिटनमध्ये मात्र ‘नोंदणीकृत नर्स’ हे नाव राखीव असले तरी नुसते ‘नर्स’ राखीव नव्हते. तेही करू, असे तिथल्या सरकारने २०२५ साली जाहीर केले.

एका शब्दासाठी एवढे कायदे कशाला, असे कुणी विचारील. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने मुलींना, विधवांना नर्सच्या शिक्षणाला पाठवले, तेव्हा त्या बायकांनी लोकांची बोलणी सोसून हे नाव कमावले. पण माझ्या मते खरे कारण वेगळे आहे. मध्यरात्री कंदिलाच्या उजेडात घरच्या माणसांना विद्या तपासता येत नाही. त्यांच्या हाती फक्त नाव असते. ते नाव तरी खरे असावे.

आणि नाइटिंगेलबाईंचेही पटते. आमच्या सुईणीचे नाव कुठल्याच नोंदवहीत नव्हते, पण आपला हात कुठवर पोचतो हे तिला ठाऊक होते. वेड कुणी पांघरले असेल तर ते आम्ही, तिचे न ऐकून.

ताईला विचारूनच हे लिहिले आहे. नातीचे नोंदणीपत्र तिला फोनवर वाचून दाखवले, क्रमांकासकट. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पोरीला सांग, जे येत नाही ते येत नाही म्हणायला लाजू नको. सुईण लाजली नव्हती.”

असो. नातीला निरोप पोचवला आहे.