रक्तातला निरोप : निद्रारोगाच्या परजीवीची शंभर वर्षांची कथा

विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी निद्रारोगाने दोन लाखांहून अधिक माणसे दगावली. ट्रिपॅनोसोमा हा एकपेशीय परजीवी त्याचे कारण आणि त्सेत्से माशी त्याची वाहक, एवढे १९०३ पर्यंत उमगले होते. पण रोग्याच्या रक्ताबरोबर माशीच्या पोटात गेलेल्या परजीवींपैकी तगणारे कोणते?

१९१२ साली युगांडात काम करणाऱ्या म्युरिएल रॉबर्टसन यांनी उत्तर सुचवले. रक्तात या परजीवीची दोन रूपे दिसत : एक लांब, सडपातळ, दुसरे आखूड, स्थूल. संख्या वाढत असता लांब रूप अधिक, ती शिगेला पोहोचली की आखूड. माशीत रुजते ते आखूडच, असा त्यांचा कयास होता.

विलक्षण गोष्ट अशी की आखूड पेशी विभागत नाही. माशीने वेळीच उचलली नाही, तर काही दिवसांत मरते. स्वतःची वाढ स्वतःच थांबवणारा परजीवी! यजमान लवकर मेला, तर माशीपर्यंतची वाटच खुंटते, हे लक्षात घेतले की त्यातला हिशेब कळतो. पण गर्दी झाल्याचे त्या पेशीला सांगते कोण?

बराच काळ संशय यजमानाच्या प्रतिकारशक्तीवर होता. १९९७ साली मायकेल बोशार्ट यांच्या गटाने तो दूर केला. शरीराबाहेर, निव्वळ पोषकद्रवात वाढवलेले परजीवीही दाटी होताच रूप पालटत; त्यांनी वापरलेला द्रव विरळ वस्तीला दिला, तर तीही पालटे. निरोप परजीवींचाच होता, आणि तो वाहणारा रेणू अगदी लहान.

इतका उशीर का झाला, याचे एक कारण प्रयोगशाळांतच होते. उंदरातून उंदरात सुईने परजीवी टोचत राहिल्याने माशीची गरज उरली नाही. न थांबता वाढणारे वाण निवडले गेले. जगभर अभ्यासासाठी सोयीचे ठरलेले हे वाण या निरोपाला बहिरे होते.

२०१८ मध्ये एडिनबरा विद्यापीठातील कीथ मॅथ्यूज यांच्या गटाने उलगडा केला. परजीवी रक्तात प्रथिने तोडणारी विकरे सोडतात. पेशी जितक्या अधिक, तितके प्रथिनांचे बारीक तुकडे, म्हणजे पेप्टाइडे, अधिक साचतात. पेशीच्या पृष्ठावरील एक प्रथिन ती आत घेते आणि रूपांतर सुरू होते. पडताळ्यासाठी त्यांनी जिवाणूचे पेप्टाइड-वाहक प्रथिन परजीवीत बसवले. त्याच्यामुळेही पेशी आखूड झाल्या.