वकील गैरहजर, भुर्दंड पक्षकाराला

अलाहाबाद उच्च न्यायालयात एका पक्षकाराचे अपील सुनावणीला निघाले, तेव्हा त्याचे वकील हजर नव्हते. अपील त्यांच्या गैरहजेरीतच निकालात निघाले. ते पुन्हा ऐकून घ्यावे म्हणून केलेला अर्जही फेटाळला गेला. प्रकरण 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचले, तेव्हा न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी साधा प्रश्न विचारला: खेड्यातल्या माणसाने वकील नेमला, फी भरली, कागद दिले, आता वकील कोर्टात उभा राहतो की नाही, यावर पहाराही त्यानेच ठेवायचा का? अपील पुन्हा सुनावणीला घेण्याचा आदेश झाला आणि खर्चाचे 200 रुपये गैरहजर वकिलाकडून वसूल करायला सांगितले गेले.

रक्कम किरकोळ होती. पण वकिलाच्या चुकीचा भार वकिलावर टाकायला आपल्या न्यायव्यवस्थेला किती काळ लागला, हे पाहिले की त्या 200 रुपयांचे मोल कळते.

कंपनी सरकारने 1793 मध्ये बंगालमध्ये वकिलांना सनदा देण्याची पद्धत घातली; मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या 1827 च्या कायदेसंहितेत वकिलांचे नियम आले. सनद कोर्टाची, त्यामुळे ती काढून घेण्याचा अधिकारही कोर्टाचा. पुढे 1879 च्या कायद्याने लबाडी किंवा अत्यंत गैर वर्तन करणाऱ्या वकिलावर कारवाईची तरतूद केली. मुदत उलटू देणे, तारखेला न जाणे, पक्षकाराला अंधारात ठेवणे अशा रोजच्या हलगर्जीपणाचा त्यात वेगळा उल्लेखही नव्हता.

सत्तेला झोंबले की मात्र हीच यंत्रणा तत्पर होई. रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर सह्या करणाऱ्या अहमदाबादच्या वकिलांविषयी जिल्हा न्यायाधीश केनेडी यांनी एप्रिल 1919 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि त्या वकिलांना नोटिसा निघाल्या. त्याच वर्षी त्यांना ताकीद मिळाली. ते पत्र ‘यंग इंडिया’त छापल्याबद्दल गांधीजींवर बेअदबीची कारवाई झाली. पक्षकाराला वाऱ्यावर सोडणे हा त्या वकिलांवरचा आरोप नव्हताच.

1926 मध्ये दोन कायदे झाले. एकाने बार कौन्सिलांची सुरुवात केली, तरी शिक्षेचा अंतिम अधिकार उच्च न्यायालयांकडेच राहिला. दुसरा फीसंबंधीचा. केवळ वकील आहे म्हणून निष्काळजीपणाच्या दाव्यातून कोणाची सुटका नाही, हे त्याने स्पष्ट केले. इंग्लंडमध्ये बॅरिस्टरांना कोर्टातल्या कामाबद्दल असलेले संरक्षण 2000 सालापर्यंत टिकले, हे लक्षात घेतले तर ही तरतूद फार पुढची होती. पण एका वकिलाने बुडवलेल्या दाव्यासाठी दुसरा वकील लावून पुन्हा वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवायची ताकद कितीजणांत असते?

1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने शिस्तीचे काम वकिलांच्याच हाती दिले. तक्रारीची चौकशी तिघांची समिती करते आणि तिघेही वकील असतात. ताकीद, काही काळ सनद निलंबित करणे किंवा यादीतून नाव काढणे, अशा शिक्षा. खरी अडचण व्याख्येत आली. नुसती चूक किंवा निष्काळजीपणा म्हणजे गैरवर्तन नव्हे, मात्र हलगर्जीपणा गंभीर असेल तर वेगळा विचार होईल, असे सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये म्हटले. पुण्यातल्या एका वकिलाच्या प्रकरणात 1983 मध्ये हीच रेषा आणखी ठळक झाली: चुकीचा सल्ला वेगळा, गैर सल्ला वेगळा, नैतिक दोष नसलेला निष्काळजीपणा शिस्तभंग ठरत नाही. प्रामाणिक चुकीसाठी सनद जाऊ नये, हे रास्तच. पण जमीन गमावलेल्या माणसाला वकिलाच्या मनातला हेतू सिद्ध करायला लावणे अन्यायाचे आहे.

वकिलाविरुद्ध दाद मागायला ग्राहक न्यायालयाचा तिसरा दरवाजा 2007 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने उघडला होता. 14 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो बंद केला. आता उरली बार कौन्सिल आणि दिवाणी कोर्ट. राज्याच्या कौन्सिलने तक्रार वर्षभरात निकाली काढली नाही, तर कायद्यानुसार ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. तिथेही चौकशी करणारे वकीलच असतात.