सांवेर : दप्तराची भाषा आणि घरची भाषा

इंदूरहून उज्जैनकडे जाणारा सांवेर रोड कारखान्यांची वस्ती ओलांडून माळव्याच्या काळ्या रानात शिरतो आणि साधारण निम्म्या वाटेवर सांवेर हे तहसिलीचे लहानसे गाव लागते. अहिरावणाच्या वधासाठी पाताळात निघालेला, म्हणून मस्तक खाली असलेला येथील मारुती पाहावयास लोक दुरून येतात. आम्हास मात्र या गावाचा भाषिक इतिहास अधिक बोलका वाटतो.

उज्जैन शिंद्यांचे, तर सांवेर होळकरांचे. होळकरी दप्तर मराठीत, मोडी लिपीत चाले. रयत मात्र माळवी बोले, आणि आजही बोलते. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले. इंदूर शहरात मराठी टिकली. १९१७, १९३५ आणि २००१ साली साहित्य संमेलन तेथे भरले. सांवेरकडील खेड्यांत ती मुळी घरात शिरलीच नव्हती. त्या मुलखावर भाषेच्या नावाने आम्ही हक्क सांगणार नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी सांवेर मध्य प्रदेशात गेले. त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. इकडे स्थिती नेमकी उलटी : घरात मराठी, दप्तरात कन्नड. पक्षकार स्वतःच्याच जमिनीचा उतारा आमच्या टेबलावर ठेवतो आणि त्यात काय लिहिले आहे, हे आम्हासच विचारतो.