छत्रपती संभाजीनगर आणि मोटारशर्यती

मराठवाड्यातील हे शहर (पूर्वीचे औरंगाबाद) मोटार व दुचाकी उद्योगाचे मोठे केंद्र आहे. येथे आंतरराष्ट्रीय दर्जाचा शर्यतमार्ग नाही. भारतात झालेल्या फॉर्म्युला वनच्या तिन्ही शर्यती २०११ ते २०१३ या काळात ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किटवर पार पडल्या आणि त्या तिन्ही सेबास्टियन वेटेलने जिंकल्या. जागतिक शर्यतींशी शहराचे नाते जुळले ते कारखान्यांमुळे. शेंद्रा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत ज्या कंपन्यांनी पाय रोवले, त्यांपैकी काहींची नावे शर्यतींच्या इतिहासात ठळक आहेत. स्थानिक उद्योगाचा विचार करताना ही बाजू सहसा कोणी पाहत नाही, म्हणून तिची नोंद आवश्यक आहे.

शेंद्रा. जालना रस्त्यावरील या वसाहतीत स्कोडा या चेक कंपनीने २००१ मध्ये ऑक्टाव्हिया मोटारीची जुळणी सुरू केली. त्याच वर्षी केनियातील सफारी रॅलीत आर्मिन श्वार्झने शर्यतीसाठी तयार केलेली ऑक्टाव्हिया तिसऱ्या क्रमांकावर आणली. दगडधोंडे, धूळ, चिखल आणि वाहतुकीसाठी बंद न केलेले रस्ते यांमुळे सफारी तेव्हा जागतिक रॅली मालिकेतील सर्वांत खडतर रॅली समजली जाई. तेथे गाडी शेवटपर्यंत टिकवणे हीच मोठी कामगिरी होती. पुढे २०१३ मध्ये भारताच्या गौरव गिलने स्कोडा फॅबिया चालवून आशिया-पॅसिफिक रॅली विजेतेपद मिळवले.

स्कोडाच्याच कारखान्यात २००७ पासून ऑडीच्या मोटारींचीही जुळणी होऊ लागली. चारही चाकांना शक्ती देणारी क्वाट्रो प्रणाली ऑडीने रॅलीच्या मैदानात सिद्ध केली होती. १९८१ मध्ये इटलीतील सानरेमो रॅली मिशेल मूतों हिने क्वाट्रोतून जिंकली. जागतिक रॅली मालिकेतील फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री होती. फ्रान्समधील ल माँ ही चोवीस तासांची शर्यत ऑडीने २००० ते २०१४ या काळात तेरा वेळा जिंकली. २००६ चा विजय डिझेल इंजिनाचा पहिला, तर २०१२ चा हायब्रिड गाडीचा पहिला विजय ठरला.

या सर्वांत २०११ ची शर्यत वेगळी काढावी लागते. ऑडीने तीन गाड्या उतरवल्या होत्या. पहिल्याच तासात ॲलन मॅकनिशची गाडी एका फेरारीला धडकून कठड्यावर आदळली. रात्री माइक रॉकेनफेलरच्या गाडीचाही मागे पडलेल्या एका गाडीला ओलांडताना चक्काचूर झाला. दोघेही बचावले, पण उरलेली रात्र आणि दुसऱ्या दिवशी शर्यत संपेपर्यंत एका गाडीला प्यूजोच्या ताफ्याशी एकटीने झुंजावे लागले. शेवटच्या थांब्यावर तिचे टायर बदलणे भाग पडले आणि आघाडी अगदी थोडी उरली. फेस्लर, लोटरर आणि ट्रेलुये यांनी आळीपाळीने चालवलेली ही गाडी ३५५ फेऱ्या, म्हणजे ४,८०० किलोमीटरहून अधिक अंतर तोडून अवघ्या १३.८५४ सेकंदांच्या फरकाने जिंकली. सहनशक्तीच्या शर्यतींत याहून दमछाक करणारा शेवट क्वचितच सापडेल. २०२६ च्या हंगामापासून ऑडी फॉर्म्युला वनमध्येही उतरली आहे.

वाळूज. बजाज ऑटोचा येथील कारखाना १९८५ चा. त्याच वर्षी अनुरंग जैन यांनी ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांपासून एन्ड्युरन्स या उद्योगाची सुरुवात केली. पुढे या कंपनीने ऑस्ट्रियातील दुचाकी उत्पादक केटीएमच्या समूहातील डब्ल्यूपी या सस्पेन्शन बनवणाऱ्या कंपनीशी तांत्रिक सहकार्य करून दुचाकीचे पुढचे चाक धरणारे उलटे फोर्क बनवण्यास घेतले. साध्या फोर्कमध्ये बारीक नळी वर असते आणि जाड खाली. उलट्या फोर्कमध्ये जाड नळी वर, हँडलखालच्या क्लॅम्पमध्ये घट्ट बसवलेली असते. जोराचा ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकावर येतो आणि फोर्क नेमका क्लॅम्पपाशी वाकू पाहतो. तेथेच जाड नळी असल्यामुळे तो कमी लवतो आणि वळणात शिरताना पुढचे चाक काय करते आहे, याचा चालकाला नीट अंदाज येतो.

मोटोजीपी या दुचाकींच्या जागतिक शर्यतमालिकेत बहुतेक संघ ओलिन्सचे सस्पेन्शन वापरत असताना केटीएमने डब्ल्यूपीची साथ सोडली नाही. ९ ऑगस्ट २०२० रोजी चेक प्रजासत्ताकातील बर्नो येथे, या गटातील आपल्या केवळ तिसऱ्या शर्यतीत, दक्षिण आफ्रिकेच्या ब्रॅड बाइंडरने केटीएमला पहिला विजय मिळवून दिला. २०१७ मध्ये पूर्ण हंगामासाठी आलेल्या संघाने चौथ्याच वर्षी हे साधले. त्या गाडीचे भाग ऑस्ट्रियाचे होते, वाळूजचे नव्हेत. तरीही तंत्राचे घराणे एकच. २००७ पासून केटीएममध्ये भागीदार असलेल्या बजाजने २०२४ च्या अखेरीस दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलेल्या या कंपनीला पैसा पुरवला आणि २०२५ मध्ये तिचा ताबा घेतला.

शहरातील मोटारींची हौस देशभर गाजली ती ऑक्टोबर २०१० मध्ये. येथील उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज एकाच वेळी घेतल्या. १९५५ नंतर मर्सिडीजचा स्वतःचा संघ फॉर्म्युला वनमध्ये परतला, तेही याच वर्षी.

चालक मात्र मराठवाड्यातून पुढे आलेले नाहीत. फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय जेहान दारूवाला (साखीर, डिसेंबर २०२०) मुंबईचा. कोल्हापुरात मोहिते कुटुंबाने कार्टिंगचा मार्ग उभारला, तसे काम येथील उद्योगांनी हाती घ्यायला हवे. या खेळात सुरुवात आठ-दहाव्या वर्षी कार्टमध्येच करावी लागते आणि तिचा खर्च एकट्या मध्यमवर्गीय घराला पेलत नाही.

शर्यतींत नाव कमावलेली आणखी एक कंपनी आता येथे येऊ घातली आहे. पैठण रस्त्यावरील बिडकीन येथील प्रकल्पासाठी टोयोटा किर्लोस्करने ३१ जुलै २०२४ रोजी राज्य शासनाशी सुमारे २०,००० कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला. टोयोटाने २०१८ ते २०२२ अशी सलग पाच वर्षे ल माँ जिंकली आहे.